पाणमोट फुटली की नाही, हे कसं ओळखायचं?

गरोदरपणाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत अंगावरून ओल जाणं ही रोजची गोष्ट असते. योनीमार्गातले स्राव वाढलेले असतात, म्हणून पांढरं जातं. मूत्राशयावर वाढलेल्या गर्भाशयाचा दाब असतो, म्हणून खोकताना, शिंकताना, हसताना लघवीचे थेंब जातात. उन्हाळ्याचे दिवस असले तर घामाची भर. या सगळ्या ओलीत एखाद्या दिवशी गर्भजलाची ओल मिसळते आणि नेमकी तीच वेळेवर ओळखायची असते.

पाणी गेलं की बदाबदा जाईल, कळल्याशिवाय राहणार नाही, अशी बहुतेकींची समजूत असते. पुष्कळजणींच्या बाबतीत तसं होतंही. अंथरूण भिजतं, पायांवरून ओघळ येतात आणि शंकेला जागा उरत नाही. पण काहीजणींना फक्त परकर किंवा सलवार अधूनमधून ओली लागते. बसून उठलं की थोडं पाणी येतं, मग तीन-चार तास काहीच नाही. घरातली वडीलधारी बाई म्हणते, "शेवटी शेवटी असं होतंच, लघवी असेल." लाजेपोटी नवऱ्याला सांगितलं जात नाही, डॉक्टरांची तारीख पुढच्या सोमवारी असते आणि दोन दिवस तसेच जातात. हे दोन दिवस जाऊ नयेत, एवढ्यासाठीच हा लेख.

बाळ ज्या पिशवीत वाढतं ती पाणमोट दोन पदरांची असते. आतला पदर, अॅम्निऑन, अगदी पातळ आणि पारदर्शक. तरी पाणमोटेची खरी ताकद त्याच्यातच असते, कारण त्यात कोलॅजेनचे चिवट धागे असतात. बाहेरचा कोरिऑन जाड असला तरी तुलनेनं कमकुवत. आतलं पाणी पहिल्या महिन्यांत मुख्यतः आईच्या रक्तातल्या द्रवातून येतं. पुढे बाळाची मूत्रपिंडं काम करू लागली की त्यातला मोठा वाटा बाळाच्या लघवीचा असतो. बाळ ते पाणी गिळतं आणि पुन्हा लघवीवाटे सोडतं. चौतिसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात हे पाणी साधारण ८०० मिलिलिटर असतं, नंतर हळूहळू कमी होत जातं. ते सतत तयार होत असतं, त्यामुळे "सगळं पाणी गेलं, आता बाळ कोरडं पडणार" ही भीती जशीच्या तशी खरी नाही. भीती बाळगायची ती दुसऱ्या गोष्टीची. पाणमोट शाबूत असेपर्यंत योनीमार्गातले जंतू बाळापर्यंत सहज पोचत नाहीत. ती फुटली की वाट मोकळी होते.

कळा सुरू झाल्यावर पाणमोट फुटणं हा प्रसूतीचा नेहमीचा टप्पा आहे, त्यात काळजीचं काही नाही. दिवस भरल्यावर शंभरातल्या साधारण आठजणींची पाणमोट कळा येण्याआधीच फुटते. त्यांतल्या सुमारे साठ टक्के बायकांना पुढच्या चोवीस तासांत आपोआप कळा सुरू होतात. सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी पाणमोट फुटण्याचं प्रमाण शंभरात दोन-तीन इतकं आहे. आकडा लहान दिसतो, पण अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांतला मोठा हिस्सा याच कारणानं होतो.

पाणमोट वेळेआधी का फुटते? आधीच्या खेपेला तसं झालेलं असणं, योनीमार्गातला किंवा गर्भाशयातला जंतुसंसर्ग, मधल्या महिन्यांत रक्तस्राव, जुळी बाळं, पाण्याचं प्रमाण फार जास्त असणं, गर्भाशयाचं तोंड आखूड असणं, धूम्रपान ही माहीत असलेली कारणं. पुष्कळ वेळा कारण सापडतच नाही. तरी घरात चौकशी सुरू होते ती "जड काय उचललंस?", "त्या लग्नाला एसटीनं कशाला गेलीस?" इथून. हंडा उचलल्यामुळे पाणमोट फुटली असं ठरवून त्या बाईला आयुष्यभर बोल लावणारी घरं आहेत. तिच्या मनावर हे ओझं टाकण्याचा अधिकार कुणाला नाही, आणि त्याला शास्त्राचा आधारही नाही.

दवाखान्यात पोचण्याआधी घरी करण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत. पहिली, घड्याळ बघणं. ओल पहिल्यांदा केव्हा जाणवली ती वेळ कागदावर लिहून ठेवावी, कारण पुढचे बरेच निर्णय "पाणी जाऊन किती तास झाले" यावर ठरतात. दुसरी, स्वच्छ कोरडं पॅड किंवा धुऊन उन्हात वाळवलेला सुती कपडा लावणं आणि त्यावर काय येतं ते पाहणं. गर्भजल पाण्यासारखं पातळ, रंगहीन किंवा फिकट पिवळसर असतं, कधी त्यात पांढुरके कण किंवा किंचित गुलाबी छटा दिसते. लघवीचा उग्र वास त्याला नसतो. पांढरं जाणं दाटसर, चिकट असतं आणि पॅडमध्ये पसरत नाही. लघवी आवरून धरता येते, निदान काही क्षण तरी. गर्भजल आवरता येत नाही. थोडा वेळ आडवं पडून उठल्यावर पुन्हा पाणी आलं, तर संशय बळावतो, कारण पडल्यावर ते योनीमार्गाच्या मागच्या खोलगट भागात साठतं आणि उभं राहताच खाली येतं. वापरलेलं पॅड फेकू नये. पिशवीत घालून सोबत न्यावं. डॉक्टर किंवा नर्सबाई ते पाहतात, हुंगतात, आणि त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

एवढं पाहून घरीच निकाल लावायचा नाही. ही सगळी पाहणी डॉक्टरांना सांगण्यासाठी आहे, घरी थांबायचं की नाही हे ठरवण्यासाठी नव्हे. आत बोट घालून पाहू नये, आतून धुऊ नये, संबंध ठेवू नये, आणि कपाटात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या तर मुळीच घेऊ नयेत.

काही खुणा दिसल्या तर मात्र पॅडचं निरीक्षणसुद्धा करत बसू नये, लगेच निघावं. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल, म्हणजे बाळानं पोटात शी केली असण्याची शक्यता असेल. लाल रक्त जात असेल. थंडी वाजून ताप आला असेल किंवा पाण्याला घाण वास असेल. बाळाची हालचाल मंदावली असेल. आणि सगळ्यांत घाईची गोष्ट म्हणजे योनीमार्गात नाळेचा पीळ जाणवणं किंवा बाहेर दिसणं. बाळ पायाळू किंवा आडवं असेल, किंवा डोकं अजून वरच असेल, तर पाण्याच्या लोंढ्याबरोबर नाळ खाली घसरू शकते आणि ती दाबली गेली की बाळाचा रक्तपुरवठा मिनिटांत तुटतो. अशा वेळी बाईनं गुडघे आणि छाती टेकून, कंबर उंच ठेवून राहावं, नाळ आत ढकलायचा प्रयत्न करू नये आणि तशाच अवस्थेत दवाखाना गाठावा.

आता दवाखान्यात काय व्हायला हवं ते पाहू. निदानाचा सर्वांत मोठा भाग बोलण्यात आहे. केव्हा, किती, कसं, रंग कोणता, एकदा आलं की येतच आहे, कितवा आठवडा, बाळ फिरतंय ना, कळा येताहेत का. घाईची ओपीडी असली तरी हे प्रश्न शांतपणे विचारावेच लागतात. बाई स्वतः जे सांगते ते बऱ्याच वेळा बरोबर असतं, हा प्रसूतिशास्त्रातला जुना आणि पक्का अनुभव आहे. "तुम्हाला काय वाटतं ताई, लघवी होती की दुसरं काही?" हा साधा प्रश्न विचारणाऱ्या नर्सबाईला मी चांगली नर्स म्हणेन.

त्यानंतरची मुख्य तपासणी स्पेक्युलमची. स्पेक्युलम म्हणजे योनीमार्ग हलकेच उघडून धरणारं, दोन पात्यांचं निर्जंतुक साधन. शक्य असेल तर आधी बाईला अर्धा तास पडून राहायला सांगतात, म्हणजे पाणी आत साठतं. स्पेक्युलमला जंतुनाशक मलम लावायचं नाही, कारण त्यामुळे पुढच्या चाचण्यांचा निकाल चुकतो. नुसतं निर्जंतुक पाण्यानं ओलं केलं तरी पुरतं. चांगला उजेड पाडून पाहिलं की गर्भाशयाचं तोंड समोर दिसतं, गुलाबी, मध्ये एक छिद्र. त्याच्या मागच्या खोलगट जागेत स्वच्छ पाण्याचं तळं साचलेलं दिसलं, तर निदान जवळपास झालं. दिसलं नाही, तर डॉक्टर म्हणतात, "जरा खोका बघू." बाई खोकते, पोटातला दाब वाढतो आणि छिद्रातून पाण्याची बारीक धार उतरताना दिसते. ती धार डोळ्यांनी पाहिली की निदान पूर्ण झालं, मग ना कागद लागतो, ना काच, ना महागडं किट. याच तपासणीत तोंड किती उघडलंय याचा अंदाज नजरेनं घेता येतो, नाळ खाली आलेली नाही याची खात्री होते आणि जंतुसंसर्ग पाहण्यासाठी कापसाच्या काडीवर नमुनाही घेता येतो.

कधी पाणमोट खाली, तोंडाजवळ न फुटता वरच्या बाजूला कुठे तरी बारीक फाटते. तिथून पाणी झिरपत झिरपत येतं, कधी थांबतं, पुन्हा येतं. अशा बाईच्या पहिल्या तपासणीत काहीच न दिसण्याची शक्यता असते. तेव्हा "काही नाही, घरी जा" म्हणण्याऐवजी पॅड लावून तासभर थांबवून पुन्हा पाहायला हवं. हा एक तास गर्दीच्या प्रसूतिगृहात महाग वाटतो, पण हुकलेली निदानं बहुधा तिथेच हुकतात.

मी ज्या गोष्टीबद्दल सर्वाधिक आग्रहानं लिहू इच्छिते ती म्हणजे बोटांनी आतून तपासण्याची घाई. "पिशवीचं तोंड किती उघडलंय बघू" म्हणून पाणी गेल्याचा संशय असलेल्या बाईची हातमोजे घालून आतून तपासणी करणं ही आपल्याकडे अनेक ठिकाणी सवयच झालेली आहे. कळा चालू असतील, प्रसूती जवळ आली असेल, तर ती तपासणी लागते. पण कळा नसताना, विशेषतः दिवस भरलेले नसताना, ती टाळायची असते. हातमोजा निर्जंतुक असला तरी तो योनीमार्गातून पुढे जाताना तिथले जंतू गर्भाशयाच्या तोंडापर्यंत नेतो. अशा तपासणीनंतर प्रसूती लवकर होते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, हे अभ्यासांत दिसलं आहे. सातव्या महिन्यातल्या बाळाला तर आईच्या पोटातला एकेक दिवस मोलाचा असतो. व्हिएन्नामध्ये १८४७ साली इग्नाझ सेमेलवाईस या डॉक्टरनं प्रसूतिकक्षात शिरण्याआधी क्लोरीनच्या द्रावणात हात धुणं सक्तीचं केलं आणि बाळंतज्वरानं होणारे मृत्यू झपाट्यानं घटले. तपासणारा हातच रोग नेतो, हे त्यानं जंतूंमुळे रोग होतात हे सिद्ध होण्याआधी दाखवलं होतं. त्यामुळे बाईनं किंवा सोबतच्या माणसानं "आधी स्पेक्युलमनं बघता का?" असं विचारलं तर तो उद्धटपणा नाही.

पाहूनही शंका उरली तर कागद आणि काच. योनीमार्ग एरवी आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच साधारण ३.८ ते ४.५. गर्भजल किंचित अल्कधर्मी, साधारण ७.१ ते ७.३. नायट्राझिनचा पिवळा कागद मागच्या भागातल्या ओलीला लावला आणि तो निळा झाला तर पीएच ६.५ च्या वर आहे असं समजतं, म्हणजे गर्भजल असण्याची शक्यता. पाणमोटेच्या निदानासाठी हा कागद १९३८ पासून वापरात आहे. स्वस्त, सोपा, मिनिटभरात उत्तर देणारा. पण तो सांगतो फक्त आम्ल की अल्क एवढंच. रक्त, वीर्य, साबण आणि योनीमार्गातले काही जंतुसंसर्ग याच दिशेनं रंग बदलतात. उलट पाणी जाऊन बरेच तास झाले असतील आणि आत थोडंच उरलं असेल, तर कागद पिवळाच राहील. म्हणून निळा कागद हातात धरून लगेच निर्णय घेणारे आणि पिवळा दिसला म्हणून घरी पाठवणारे, दोघेही चुकू शकतात.

काचेची चाचणी याहून देखणी आहे. मागच्या भागातला ओलावा काडीवर घेऊन स्वच्छ काचपट्टीवर पातळ पसरायचा, हवेतच निदान दहा मिनिटं वाळू द्यायचा, फुंकर मारायची नाही, आचही द्यायची नाही. मग सूक्ष्मदर्शकाच्या कमी शक्तीच्या भिंगाखाली धरायचं. गर्भजल असेल तर त्यातल्या मिठाचे स्फटिक प्रथिनांच्या सोबतीनं फांद्याफांद्यांनी जमलेले दिसतात. मधली दांडी, तिच्यापासून दोन्ही बाजूंना फुटलेल्या बारीक शाखा, त्या शाखांना आणखी बारीक पानं. पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटांत दरडीवर उगवणारा नेचा पाहिला असेल, तर हे चित्र लगेच ओळखू येतं, आणि या चाचणीचं नावही नेच्यावरूनच पडलं आहे. लघवीत किंवा पांढऱ्या स्रावात अशी रचना सहसा दिसत नाही. गर्भाशयाच्या तोंडावरचा चिकट स्राव मात्र असाच वाळतो, थोडा जाडसर शाखांचा. त्या स्रावातला नेचा जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी १९४० च्या दशकात नोंदवला होता. कर्करोगासाठीची पॅप चाचणी ज्यांच्या नावानं ओळखली जाते तेच हे डॉक्टर. म्हणूनच नमुना तोंडावरून न घेता मागच्या खोलगट भागातून घ्यायचा असतो. काचेवर बोटाचा ठसा उमटला तर घामातलं मीठही फसवू शकतं. जिथे सूक्ष्मदर्शक आहे, म्हणजे थुंकीची तपासणी करणाऱ्या बहुतेक सरकारी प्रयोगशाळांत, तिथे ही चाचणी करता येते. तिला वीजबिलापलीकडे जवळपास खर्च नाही, तरी ती दिवसेंदिवस मागे पडते आहे, याचं मला वाईट वाटतं.

मागे पडण्याचं एक कारण सोनोग्राफी. "सोनोग्राफीत पाणी व्यवस्थित आहे" हे वाक्य ऐकलं की सगळं घर निर्धास्त होतं. इथे सावध राहायला हवं. सोनोग्राफी पाणी मोजते, पाणमोट फुटली आहे का ते दाखवत नाही. थोडं थोडं झिरपत असेल आणि बाळाची लघवी तेवढीच भर घालत असेल, तर माप ठीकच येईल. उलट पाणी कमी दिसलं म्हणजे ते गळलंच असं नाही. बाळाची वाढ खुंटली असेल, वार नीट काम करत नसेल किंवा बाळाच्या मूत्रपिंडांत दोष असेल, तरी पाणी कमी होतं. बाईनं सांगितलेली गळतीची हकिगत आणि सोनोग्राफीतलं कमी पाणी, ही दोन्ही जुळली तर संशय बळकट होतो, इतकाच तिचा उपयोग. बाळाची स्थिती आणि वाढ पाहण्यासाठी ती हवीच, ती गोष्ट वेगळी.

गेल्या काही दशकांत प्रथिनं शोधणारी किटं आली. गर्भजलात काही प्रथिनं योनीमार्गातल्या स्रावापेक्षा हजारो पटींनी जास्त असतात. काडी द्रावणात बुडवायची, पट्टी उभी करायची आणि काही मिनिटांत एक रेघ की दोन ते पाहायचं. स्पेक्युलमशिवायही काही किटं वापरता येतात. जिथे डोळ्यांना काही दिसत नाही आणि शंका मात्र आहे, तिथे त्यांची मदत होते. पण ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं डॉक्टरांना पत्र लिहून इशारा दिला की फक्त या चाचण्यांवर विसंबून निर्णय घेऊ नयेत. चाचणी चुकल्यानंतर माता आणि गर्भांना झालेल्या इजांच्या, गर्भमृत्यूंच्याही नोंदी त्यांच्याकडे आल्या होत्या. निकालाच्या पट्टीला बाईच्या सांगण्याची आणि डॉक्टरच्या पाहण्याची जोड हवी, हे त्या पत्राचं सार. अगदी शेवटचा मार्ग म्हणून पोटातून सुईनं पाणमोटेत निळा रंग सोडून तो खाली पॅडवर उतरतो का हे पाहता येतं. ती चाचणी फार क्वचित करतात आणि त्यासाठी मिथिलिन ब्लू वापरत नाहीत, कारण ते गर्भाला घातक ठरलेलं आहे.

निदान झालं की काम संपत नाही, ही गोष्ट जगाला शिकवली ती मूळच्या बेळगावच्या एका तरुण दंतवैद्य बाईनं, स्वतःचा जीव गमावून. सविता हलप्पनवार आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात राहत होत्या. वय ३१, गर्भ सतरा आठवड्यांचा. २१ ऑक्टोबर २०१२ रोजी पाठदुखीमुळे त्या रुग्णालयात गेल्या, त्यांना घरी पाठवलं, काही तासांत त्या परत आल्या आणि गर्भपात होणार हे स्पष्ट झालं. मध्यरात्रीनंतर पाणमोट फुटली. इथे निदानाचा प्रश्नच नव्हता. सतराव्या आठवड्यात पाणी गेल्यावर बाळ वाचणार नव्हतं आणि प्रत्येक तासागणिक जंतुसंसर्गाचा धोका वाढत होता. सविता आणि त्यांच्या पतीनं गर्भ काढण्याची विनंती केली. गर्भाचे ठोके चालू असल्यानं, तेव्हाच्या आयरिश कायद्याकडे बोट दाखवून, ती नाकारली गेली. २४ तारखेच्या पहाटे त्यांना हुडहुडी भरली. २८ ऑक्टोबरला रक्तातल्या जंतुसंसर्गानं त्यांचा मृत्यू झाला. सबरत्नम अरुळकुमारन या प्रसूतितज्ज्ञांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीत कायद्याच्या धास्तीइतकीच दुसरी बाबही पुढे आली, ती म्हणजे त्यांच्या प्रकृतीवर पुरेसं लक्ष नव्हतं. पहिल्या दिवशीच्या रक्तचाचणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या, तो अहवाल वेळेवर पाहिला गेला नाही. पाणी गेल्यावर दर चार तासांनी ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब पाहायचा असतो, ते नियमानं झालं नाही. २५ मे २०१८ च्या सार्वमतात आयर्लंडच्या जनतेनं तो कायदा मोडीत काढणाऱ्या घटनादुरुस्तीच्या बाजूनं मोठं बहुमत दिलं. आपल्याकडे आईचा जीव वाचवण्यासाठी तातडीनं गर्भपात करायला आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. हे घरच्यांना आणि डॉक्टरांनाही ठाम माहीत असलं पाहिजे.

चोविसाव्या आठवड्यापासून चौतिसाव्यापर्यंत पाणी गेलं, जंतुसंसर्गाची खूण नसली आणि बाळ ठीक असलं, तर बाईला दाखल करून वाट पाहतात. या काळात दोन उपचारांनी हजारो बाळं वाचवली आहेत. पहिला, आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देऊन बाळाची फुप्फुसं लवकर पक्व करणं. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत यासाठी डेक्सामेथासोन हे स्वस्त औषध आहे, ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं, बारा तासांच्या अंतरानं. पहिलं इंजेक्शन उपकेंद्रातली नर्ससुद्धा देऊन पुढे पाठवू शकते. दुसरा उपचार अँटिबायोटिक. ४,८२६ बायकांवर झालेल्या 'ओरॅकल' या २००१ च्या अभ्यासात एरिथ्रोमायसिनचा बाळांना फायदा दिसला, तर को-अमॉक्सिक्लॅव घेतलेल्या आईंच्या बाळांत आतड्याच्या एका गंभीर आजाराचं प्रमाण वाढलेलं दिसलं. घरातल्या गोळ्या घेऊ नका, असं वर लिहिलं ते यासाठी. आपल्याकडे को-अमॉक्सिक्लॅव सर्दी-खोकल्यालाही घरोघरी घेतलं जातं.

चौतीस ते सदतीस आठवड्यांच्या मधल्या बायकांना पूर्वी लगेच कळा आणवत. अकरा देशांतल्या १,८३९ बायकांचा 'प्रॉम्ट' हा अभ्यास २०१६ मध्ये आला. संसर्ग नसेल तर लक्ष ठेवून वाट पाहिल्यानं बाळाच्या रक्तातला जंतुसंसर्ग वाढत नाही, असं त्यात दिसलं. त्यानंतर घाई कमी झाली. दिवस भरलेले असतील तर उलट. तिथे थांबण्यात बाळाला काही मिळवायचं नसतं, आणि १९९६ च्या पाच हजारांवर बायकांच्या अभ्यासात लवकर कळा आणवल्यानं आईचा जंतुसंसर्ग कमी झालेला दिसला. दाखल असताना ताप, नाडी, पाण्याचा वास आणि बाळाचे ठोके यांची नोंद वेळच्या वेळी कागदावर होते आहे ना, हे नातेवाइकांनी विचारावं. सविताच्या बाबतीत नेमकं हेच हुकलं होतं.

हे सगळं वाचून धडगाव, मेळघाट किंवा भामरागडच्या पाड्यावरची बाई म्हणेल, आम्हाला रुग्णालयच दूर आहे. ते खरं आहे. म्हणूनच तिथे निदानाची पहिली जबाबदारी आशाताईची आणि त्या बाईची स्वतःची असते. पाणी जातंय अशी नुसती शंका आली तरी निघायचं, निदान नंतर. आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांत 'माहेरघर' आहे, दिवस भरत आलेली बाई तिथे आधीच येऊन राहू शकते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयात जाणं, तपासण्या, प्रसूती, सिझेरियन, औषधं आणि घरी परतणं मोफत आहे. १०२ किंवा १०८ वर फोन करावा.

तुमच्या घरात कुणी गरोदर असेल, तर तिला आजच एवढं सांगा: ओल कसलीही वाटो, लघवीची वाटो, रात्रीचे दोन वाजलेले असोत, वेळ लिहून ठेव आणि आम्हाला उठव. तपासून लघवीच निघाली तर परत घरी येऊ, कुणी तुला काही बोलणार नाही.